बी. प्रभा यांच्या कोळणी



आपण क्षिप्राकाठची माणसे. समुद्र आपल्याला ठाऊक आहे तो बहुतांशी काव्यातून आणि चित्रांतून. म्हणूनच कोळ्यांचे चित्र समोर आले, की आपली नजर आधी लाटा, खडक आणि होड्या शोधू लागते. बी. प्रभा यांच्या चित्रांपाशी हा शोध फसतो. नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या, नागपुरास व पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्त्रीने कोळणी पुष्कळ रंगविल्या. होमी भाभांसारख्या चोखंदळ रसिकाने त्यांची चित्रे आरंभीच विकत घेतली होती. पण या चित्रांत समुद्र आढळतो तो बहुधा पार्श्वभूमीच्या रंगापुरता. सडपातळ, उंच बाया, लांब माना, झुकलेली नजर, पुढ्यात मासळीची टोपली. आणि सारा पट एखाद्याच रंगाने भारलेला.

स्त्रीच्या दुःखाची चित्रे, असा त्यांचा रूढ अर्थ लावला जातो. तो खोटा नाही, परंतु मला अपुरा वाटतो. कोळ्यांच्या संसारात पुरुष दर्यावर जातो; मासळी किनाऱ्याला लागली, की भाव आणि बाजार ही स्त्रीची सत्ता. पैसा येतो तो तिच्या हाती. मुंबईच्या बाजारात कोळणीशी घासाघीस करून पाहिलेल्या गृहस्थाला तिच्या मौनाची कल्पना करणे जडच जाईल! मग चित्रकर्त्रीने तिला गप्प का बसविले?

माझ्या मते त्यांनी व्यवहार रंगविलेला नाही. त्याच्या अलीकडचा वा पलीकडचा क्षण रंगविला आहे. होडी यायची आहे, किंवा गिऱ्हाईक येऊन गेले आहे. तेवढ्या अवधीत ही बाई कोणाची विक्रेती नसते, कोणाची कारभारीणही नसते. दर्या स्पष्ट दाखविला असता, तर तिचे बसणे एका होडीची वाट पाहण्यापुरतेच उरले असते.

उज्जयिनीत हा विषय निघाला, की कालिदास टाळता येत नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकाच्या प्रारंभी माशाच्या पोटात अंगठी सापडलेला धीवर येतो. शिपाई त्याला बडवतात, त्याच्या धंद्याची टर उडवतात. तोही आपल्या प्राकृतात, पिढीजात कर्म टाकू नये, असे बजावतो. बक्षीस मिळताच त्यातले अर्धे तो शिपायांनाच देतो आणि सारी मंडळी मित्र होऊन गुत्त्याकडे निघतात. कालिदासाचा कोळी बोलतो म्हणून जिवंत होतो. प्रभाबाईंची कोळीण न बोलता. दुसरे काम अधिक अवघड, आणि त्यात धोकाही आहे. तीच मान, तीच टोपली पुनःपुन्हा आली, की मौनाची नुसती लकब होऊन बसते. काही चित्रांत तसे झाले आहे, हे मी आदर राखून म्हणतो. तेथे टोपली दिवाणखान्याच्या शोभेची होते आणि मासळीचा वास नाहीसा होतो.