उत्तर कोणाकडे परत जातें?

रुग्णालयांतील एक डॉक्टर कंपाउंडरास विचारीत आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी: "या रोग्यास न सोसणाऱ्या औषधांच्या यादींत पेनिसिलिन आहे काय?" कंपाउंडर यादीची एकेक ओळ वाचण्यास मदतनीस बसवितो. दुसऱ्याच ओळीवर मदतनीस म्हणतो, "आहे!" पण कंपाउंडर तिकडे लक्ष न देतां "पुढची ओळ" एवढेंच म्हणतो. यादी संपते, कंपाउंडर कांहीं न बोलतां परत येतो, आणि डॉक्टर त्या मौनाचा अर्थ "नाहीं" असा करून इंजेक्शन भरावयास घेतात!

हास्यास्पद वाटणारा हा प्रकार संगणकाच्या जावास्क्रिप्ट भाषेंत नवशिक्यांच्या हातून वारंवार घडतो. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत रचली. तींत एखादें काम नेमून दिलेल्या आज्ञासमूहास फंक्शन म्हणतात, आणि तेंच काम पुनःपुनः करविणाऱ्या रचनेस लूप, म्हणजे आवर्तन.

आवर्तनास लगाम घालणारे शब्द तीन. 'कंटिन्यू' म्हटलें कीं चालू फेरी सोडून पुढची फेरी सुरू होते. 'ब्रेक' म्हटलें कीं आवर्तन थांबतें, पण फंक्शनांतील त्यापुढील ओळी चालतात. 'रिटर्न'चा अधिकार सर्वांत मोठा: तो आवर्तनासह फंक्शनच आटोपतो आणि उत्तर विचारणाराच्या हातीं देतो.

मात्र कोणतें फंक्शन आटोपतें? तो शब्द ज्यांत लिहिला आहे, तें सर्वांत आंतलें. घोटाळा येथेंच होतो. २००९ सालच्या प्रमाण आवृत्तींत आलेली 'फोरईच' ही सोय यादींतील प्रत्येक नोंदीसाठीं एका लहान फंक्शनास हांक मारते. तेथें 'ब्रेक' लिहिल्यास भाषा निदान चूक तरी दाखविते. 'रिटर्न' लिहिल्यास तें लहान फंक्शन तेवढें संपतें, त्याचें उत्तर टाकून दिलें जातें आणि पुढच्या नोंदीची पाळी येते. बाहेरच्या फंक्शनाचा स्वतःचा 'रिटर्न' नसेल, तर त्याच्याकडून 'अन्डिफाइन्ड' मिळतें, म्हणजे मूल्य ठरलेलेंच नाहीं. अटींत तपासतांना तें 'खोटें' धरलें जातें. मौनाचा असा नकार होतो.

उपाय सोपा आहे. २०१५ सालीं आलेल्या 'फॉर-ऑफ' आवर्तनांत मधलें फंक्शनच नसतें. त्यामुळें 'रिटर्न' थेट विचारणारापर्यंत पोंचतो. "नाहीं" हें उत्तर मात्र आवर्तन संपल्यानंतर लिहावें. आंत लिहिल्यास पहिलीच ओळ न जुळतांच शोध थांबेल. 'सम' नांवाची दुसरी एक सोय पहिली जुळणी होतांच थांबते व "होय" असें कळविते; पण तिचें उत्तरही बाहेरच्या फंक्शनानें 'रिटर्न' लिहून पुढें पाठविलें पाहिजे.

शोधणें हें अर्धेंच काम होय. सांपडलेलें उत्तर विचारणाराच्या हातीं पोंचविलें, तरच डॉक्टरांचें इंजेक्शन वेळींच थांबेल.