सीलच्या शिकारीतून ध्रुवाकडे : एका गलबताची पंचेचाळीस वर्षे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून जहाजांविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. आपल्या या वसाहतीला बंदर नाही, खाडी नाही. होसूर रस्त्याने निघालेल्या गाडीला समुद्र भेटतो तो थेट चेन्नईस. तरीही आज आम्ही जहाजाचीच कथा सांगणार आहोत, आणि तिचा आरंभ मात्र आपल्या ओळखीच्या किनाऱ्यावर, गोव्यात होतो.

६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून एक जहाज फारसा गाजावाजा न करता दक्षिणेकडे निघाले. त्यावर भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे २१ सदस्य होते. नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते एकेकाळचे संचालक. महासागर विकासाचे स्वतंत्र खाते त्याच वर्षी स्थापन झाले होते. मोहिमेला ‘ऑपरेशन गंगोत्री’ असे नाव होते आणि ती बरीचशी गुप्त ठेवलेली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी या मंडळींनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाय ठेवला आणि २१ फेब्रुवारीस, म्हणजे ७७ दिवसांनी, जहाज गोव्यास परतले. वृत्तपत्रांतून मोहिमेचा यथोचित गौरव झाला. पण जहाजाची चौकशी कोणी केली नाही. ‘नॉर्वेचे भाड्याचे जहाज’ एवढ्यावर त्याची बोळवण झाली. आणि ‘गेलो खरे, पण भाड्याच्या जहाजातून’ असा काहीसा खजील सूर आम्ही पुढेही अनेकदा ऐकला आहे.

त्या जहाजाचे नाव ‘पोलर सर्कल’. नॉर्वेजियन भाषेत ‘पोलारसिर्केल’. बर्गन शहरातील रीबर या पेढीचे ते जहाज. ही पेढी कातड्यांच्या, त्यांतही सीलच्या कातड्यांच्या व्यापारात मुरलेली. संगीतात जशी घराणी असतात तशी जहाजांतही असतात, आणि ‘पोलर सर्कल’ ज्या घराण्याचे, ते सीलच्या शिकारीसाठी बर्फात शिरणाऱ्या नॉर्वेजियन जहाजांचे. भाड्याच्या जहाजाचा कमीपणा मानावा की नाही, हे ठरविण्यापूर्वी या घराण्यातील एका थोरल्या गलबताचे चरित्र पाहावे असे आम्हांस वाटते. त्याचे नाव ‘क्वेस्ट’.

प्रथम सीलविषयी. सील हा समुद्रात राहणारा सस्तन प्राणी. हवेसाठी पाण्यावर येतो आणि पिल्ले घालण्यासाठी बर्फावर. उत्तर अटलांटिकमधील एका जातीच्या माद्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तरंगत्या हिमखंडांवर विततात. पिलाची पांढरीशुभ्र लव दोन-तीन आठवडेच टिकते, आणि शिकाऱ्याला तीच हवी असते. कातडीला भाव, चरबीच्या तेलाला भाव. म्हणून न्यूफाउंडलंड, यान मायेन बेट आणि श्वेतसमुद्र या तीन बाजूंच्या बर्फात दरसाल गलबते घुसत. धंदा क्रूर होता. त्यावर मखमल घालण्याचा आमचा विचार नाही. युरोपीय आर्थिक समुदायाने १९८३ मध्ये या पिलांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा या धंद्याला मोठीच उतरती कळा लागली.

परंतु या धंद्याने एक विशिष्ट प्रकारचे जहाज घडविले. इतर जहाजे बर्फ दिसले की वळतात. सीलच्या शिकाऱ्याला बर्फातच जावे लागते, कारण त्याचे भक्ष्य तेथे आहे. म्हणून जाड लाकडाच्या भक्कम बाजू, वर कठीण लाकडाचे आवरण आणि बर्फावर चढून आपल्या भाराने तो फोडता यावा अशी घडविलेली नाळ. डोलकाठीच्या टोकाशी टेहळणीचे पिंप, कारण बर्फातली पाण्याची वाट उंचावरूनच दिसते. आणि बूड गोलसर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बर्फाने आवळले तरी, चिमटीत धरलेली लिंबाची बी निसटावी तसे गलबत वर उचलले जाते, चिरडत नाही. या गोल बुडाची किंमत मात्र मोकळ्या समुद्रात मोजावी लागते. लाटा उंच झाल्या की असे गलबत पाळण्यासारखे हलते. जो गुण बर्फात प्राण वाचवितो, तोच उघड्या समुद्रात पोटातले सारे बाहेर काढतो. हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९१७ साली नॉर्वेतील रिसर येथे असे एक लाकडी गलबत बांधले गेले. नाव ‘फोका’, म्हणजे सीलच. लांबी अवघी १११ फूट. शिडे आणि जोडीला वाफेचे इंजिन. १९२१ मध्ये सर अर्नेस्ट शॅकल्टन यांनी ते विकत घेतले आणि त्यांच्या पत्नीने त्याचे नाव ‘क्वेस्ट’ ठेवले. त्याचा अर्थ शोध. शॅकल्टन हे काही जुनी जहाजे घेण्यास नवे नव्हते. १९०७ मध्ये ते ज्या ‘निमरॉड’मधून गेले, ते डंडी येथे १८६७ साली बांधलेले, सीलच्याच शिकारीत चाळीस वर्षे झिजलेले जहाज. त्याच मोहिमेत ९ जानेवारी १९०९ रोजी ते दक्षिण ध्रुवापासून शंभर मैलांच्या आत पोहोचून परत फिरले. (आपली मंडळी अंटार्क्टिकावर उतरली ती तारीखही ९ जानेवारीच. योगायोग एवढाच.)

‘क्वेस्ट’च्या वेळी पैसा पुरविला तो शॅकल्टन यांचे शाळासोबती जॉन क्विलर रॉवेट यांनी, आणि सढळ हाताने पुरविला. गलबतावर बिनतारी संदेशयंत्र आले, नव्या धर्तीचे होकायंत्र आले, टेहळणीच्या पिंपात विजेची ऊब आली, एक छोटे ‘ॲव्रो बेबी’ विमानही आले. डेकवर नवी खोली बांधली गेली, शिडांची मांडणी बदलली. येथे बसलेल्या अभियंत्यांना पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. साऱ्या सुधारणा झाल्या, फक्त इंजिन तेच राहिले. १७ सप्टेंबर १९२१ रोजी लंडनहून निघालेले गलबत आधी लिस्बनला दुरुस्तीस थांबले आणि पुढे रिओ द जानेरो येथे महिनाभर अडकले. वाट बदलावी लागली, केपटाउन वगळावे लागले. आणि विमानाचे काही भाग व बरेचसे ध्रुवीय सामान पुढे पाठविले होते ते केपटाउनलाच! विमान उडाले नाही. समुद्रात गलबत इतके हेलकावले की निवडून घेतलेल्या दोन बालवीरांपैकी एक मदीरा बेटावरूनच घरी परतला. मुरलेल्या खलाशांनीही गलबताला बोल लावले, आणि इतिहासकारांनी ते बोल उचलून धरले : ‘क्वेस्ट’ हे निकृष्ट, अपुरे, चुकीने निवडलेले जहाज.

रिओ येथे शॅकल्टन यांना हृदयविकाराचा झटका आला. तरी ते पुढे गेले. ४ जानेवारी १९२२ रोजी गलबत साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे, वयाच्या ४७ व्या वर्षी, शॅकल्टन यांचे त्या गलबतावरच निधन झाले. शव मायदेशी निघाले होते. पण त्यांना तेथेच मूठमाती द्यावी असा पत्नीचा निरोप आल्यावरून ते माँटेव्हिडिओहून परत नेण्यात आले आणि ५ मार्चला ग्रिटविकेनच्या छोट्या दफनभूमीत त्यांना पुरले. फ्रँक वाइल्ड यांच्या नेतृत्वाखाली मोहीम कशीबशी पूर्ण होऊन सप्टेंबर १९२२ मध्ये इंग्लंडला परतली.

बहुतेक पुस्तकांत ‘क्वेस्ट’ची कथा येथे संपते. वस्तुतः ते गलबत तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते आणि पुढे चाळीस वर्षे जगले.

१९२३ मध्ये ते नॉर्वेत विकले गेले. नवे मालक शेल्डरुप हे सीलच्या शिकारीतलेच. त्यांनी गलबत पुन्हा जुन्या धंद्यास लावले, डेकवरची ती खोली उतरवून टाकली, आणि काय नवल, ज्याला निकृष्ट म्हणून हिणवले होते ते गलबत बर्फात उत्तम चालू लागले! १९२८ मध्ये ‘इटालिया’ हे हवाई जहाज उत्तरेकडे कोसळले तेव्हा शोध घेणाऱ्या जहाजांत ‘क्वेस्ट’ होते. १९३० मध्ये जिनो वॉटकिन्स नावाच्या २३ वर्षांच्या इंग्रज तरुणाला ग्रीनलंडवर मोहीम न्यायची होती. इंग्लंडहून कॅनडास विमाने जाण्यासाठी त्या बाजूने मार्ग काढता येईल का, हे पाहायचे होते. त्याने ‘क्वेस्ट’ घेतले, परंतु एकटे गलबत घेतले नाही. लुडोल्फ शेल्डरुप यांना कप्तान म्हणून बरोबर घेतले. पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगतच्या बर्फातून गलबत गेले आणि आले. १९३५ मध्ये लॉरेन्स वेजर यांची मोहीमही ग्रीनलंडला गेली ती ‘क्वेस्ट’मधूनच. दुसऱ्या महायुद्धात गलबताने इंग्रज आरमाराची पडेल ती कामे केली आणि युद्ध संपताच ते पुन्हा सीलच्या शिकारीस गेले.

मग १९२१ साली नडले काय? वर्स्ली आणि वाइल्ड हे शॅकल्टन यांचे सहकारी काही सामान्य दर्यावर्दी नव्हते. पण त्यांनी बर्फासाठी घडलेले गलबत अटलांटिकच्या मोकळ्या पाण्यातून विषुववृत्तापलीकडे हजारो मैल पळविले, त्यावर मूळच्या बांधणीत नसलेला संसार चढविला आणि त्याची नाडी ओळखणारा मनुष्य किनाऱ्यावरच राहिला. वॉटकिन्सने गलबताबरोबर त्याचे जाणते हातही घेतले. ‘क्वेस्ट’च्या दोन कीर्तींतील अंतर आमच्या मते एवढेच आहे. गलबत तेच होते.

५ मे १९६२ रोजी लॅब्राडोरच्या उत्तर किनाऱ्याजवळ सीलच्या शिकारीवर असताना बर्फाने ‘क्वेस्ट’च्या अंगाला भोक पाडले आणि ते बुडाले. खलाशी सर्व वाचले. गंमत पाहा : त्या मोहिमेत टिकून राहिलेला दुसरा बालवीर, जेम्स मार, पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाला, आणि अंटार्क्टिक समुद्रातील क्रिल या कोळंबीसारख्या जीवावरचा त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला तोही १९६२ मध्येच. सहा दशकांनी, जून २०२४ मध्ये, रॉयल कॅनेडियन जिऑग्रफिकल सोसायटीच्या मोहिमेला ‘क्वेस्ट’ सापडले. सुमारे ३९० मीटर खोलीवर ते जवळजवळ सरळ उभे आहे, डोलकाठी मोडून शेजारी पडली आहे. शॅकल्टन यांनी ज्या खोलीत देह ठेवला ती खोली मात्र बुडाली नाही. शेल्डरुप यांनी काढून टाकल्यामुळेच ती नॉर्वेत राहिली आणि आता आयर्लंडमधील अथाय येथे, शॅकल्टन यांच्या जन्मगावाजवळच्या संग्रहालयात आहे.

आता मुरगावकडे वळू. ‘पोलर सर्कल’ १९७६ मध्ये बांधले गेले. त्याच हंगामात नॉर्वेची अंटार्क्टिका मोहीम त्यातून गेली, १९७८-७९ मध्ये पुन्हा गेली. १९७९-८० मध्ये जर्मनांनी ते घेतले आणि १९८१ च्या आरंभी त्यांचे नॉयमायर स्थानक उभारण्याच्या कामीही ते होते. म्हणजे डिसेंबरमध्ये ते आपल्याकडे आले तेव्हा अंटार्क्टिकाचा बर्फ त्याला घरच्या अंगणासारखा होता. आपल्या आरमाराजवळ त्या वेळी शूर अधिकाऱ्यांची वाण नव्हती, पण त्या बर्फाची सवय नव्हती. डॉ. कासिम यांच्या मंडळींनी नौदलाची हेलिकॉप्टरे आपली नेली, शास्त्रज्ञ आपले नेले, आणि जहाज नॉर्वेचे घेतले ते नॉर्वेच्या खलाशांसकट. यात खजील होण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. शॅकल्टन यांना जे साधले नव्हते ते या निर्णयात साधले होते. दुसऱ्या वर्षी व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखालची मोहीमही याच जहाजातून गेली. (याच नावाचे रीबर पेढीचे दुसरे जहाज १९९० मध्ये बांधले गेले आणि पुढे इंग्रज आरमारात ‘एंड्युरन्स’ झाले, ते निराळे. दोहोंची गल्लत होते म्हणून सांगितले.)

१९८३ मध्ये तिसरी मोहीम ‘फिनपोलारिस’ या फिनलंडच्या मोठ्या जहाजातून गेली आणि तिने दक्षिण गंगोत्री हे कायम वस्तीचे स्थानक उभारले. तिच्यात डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह डॉ. अदिती पंत होत्या. नागपुरात जन्मलेल्या, दोना पावलाच्या संस्थेत काम करणाऱ्या या मराठी समुद्रशास्त्रज्ञा आणि डॉ. सेनगुप्ता या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. दक्षिण गंगोत्री पुढे बर्फाखाली गाडले गेले. १९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती ही स्थानके काम करीत आहेत. या साऱ्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात हेडलँड सडा येथे आहे. कोकणातल्या मंडळींना ‘सडा’ म्हणजे काय हे सांगायला नको. त्या कातळाच्या पठारावरून खाली मुरगाव बंदर दिसते.

सदस्य आता बहुधा केपटाउनहून विमानाने जातात. सामान मात्र जहाजानेच जाते आणि इतक्या वर्षांत ते जहाज भाड्याचेच राहिले आहे. स्वतःच्या ध्रुवीय जहाजाची चर्चा दीर्घकाळ चालली. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने त्यासाठी एक सामंजस्य करार केला. जहाज कोलकात्यात बांधावयाचे आहे. करार झाला तो काँग्सबर्ग या नॉर्वेच्या कंपनीशी, ऑस्लो येथे.