थांबलेले चित्र आणि चालते चित्र

(शिरपामाळ येथे प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी लग्नाच्या फोटोंविषयी बोलणार आहे. म्हाताऱ्या मास्तरला हा विषय कुठून सुचला, असे कोणी म्हणेल. त्याचे असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी जव्हारला लग्नाचे फोटो काढतो. मुंबईला गोरेगावात फोटोवाल्यांचा एक मोठा मेळावा होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही चला. तिथे अर्धे इंग्रजी बोलतात. तुम्ही बरोबर असलात म्हणजे मला धीर येईल." मी म्हटले, चल बाबा. पालघरपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे, असे आम्ही गेलो.

मोठा मांडव म्हणावा तर तो मांडव नव्हे. दहा शाळा मावतील एवढे दालन! कॅमेरे, दिवे, तिकाटण्या, छापायची यंत्रे. एका कोपऱ्यात खोटे लग्न लावले होते. नवरा-नवरी पगारी. त्यांचे फोटो काढायला शंभर जण धडपडत होते. मला हसू आले. पण दुपारी एका माणसाने फोटो आणि व्हिडिओ एकत्र कसे गुंफायचे ते शिकवले. ते ऐकण्यासारखे होते. तेच तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. चालते चित्र खरे चालत नाही. वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एक माणूस काढा. प्रत्येक पानावर त्याचा पाय थोडा पुढे सरकवा. मग पाने भराभर सोडा. माणूस चालू लागतो! सिनेमाचे तेच आहे. एका सेकंदात २४ फोटो डोळ्यांपुढून जातात. आपल्याकडच्या व्हिडिओत बहुधा २५ जातात. डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. सगळे मिळून एक हालचाल दिसते.

ही विद्या आपल्या देशात रुजवणारा माणूस आपला शेजारीच म्हणायचा. मोखाड्यापुढे घाट चढून गेले की त्र्यंबक लागते. तिथे १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. ते आधी फोटो काढत. बडोद्याकडे त्या काळी लोकांची समजूत होती, की फोटो काढला की माणसाची शक्ती जाते आणि तो मरतो. त्यामुळे त्यांचा धंदा चालेना. (आपल्याकडेही जुनी माणसे असेच म्हणत. माझी आजी कॅमेरा दिसला की घरात जाई.) १९१२ साली फाळके विलायतेला गेले. चित्रपट काढण्याची विद्या शिकले, कॅमेरा विकत घेतला. पण भांडवल कोण देणार? मग त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला. महिन्याहून अधिक काळ रोज त्या रोपाचे चित्र टिपत राहिले. ती चित्रे सलग दाखवली, तेव्हा वाटाणा बघता बघता उगवून वर आला. ते पाहून पैसे देणारा मिळाला. घरून सरस्वतीबाईंनी दागिने दिले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला.

त्या वाटाण्यात सगळे आले बघा. थांबलेली चित्रे ओळीने लावली, की चालते चित्र होते.

आता मेळाव्यातले ऐका. पडद्यावर एक फोटो चार सेकंद दाखवायचा आहे. म्हणजे काय करायचे? सेकंदाला २५ चित्रे, तर चार सेकंदांत १००. तोच फोटो शंभर वेळा दाखवायचा! गणित एवढेच आहे. मग त्यात गंमत करतात. प्रत्येक वेळी फोटो किंचित मोठा करतात. बघणाऱ्याला वाटते आपण हळूहळू त्या चेहऱ्याजवळ जात आहोत. किंवा एक चित्र विरत जाते आणि त्यातूनच दुसरे उमटत येते. हे सगळे संगणकावर करतात. आता चांगल्या मोबाईलवरही होते.

माझ्या विद्यार्थ्याने तिथे एक प्रश्न विचारला. "व्हिडिओत इतकी चित्रे असतात, तर त्यातलेच एक थांबवून फोटो का करू नये? दोन माणसांची मजुरी कशाला?" प्रश्न रास्त होता. शिकवणाऱ्याने उत्तर दिले ते असे. चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. साध्या चांगल्या व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या फोटोत २ कोटी ४० लाख असू शकतात. भिंतीवर लावायला मोठा फोटो केला, की हा फरक उघडा पडतो. शिवाय चालत्या चित्रात हलणारा हात थोडा पुसट असतो. पळताना तो पुसटपणा डोळ्याला गोड लागतो. थांबवले की खराब दिसतो. म्हणून फोटो तो फोटो आणि व्हिडिओ तो व्हिडिओ. जे हलते, बोलते, गाते, ते व्हिडिओत घ्यावे. जे निवांत न्याहाळायचे, ते फोटोत. आणि फोटो व्हिडिओत घालायचा असेल तर आडवा काढावा. पडदा आडवा असतो. उभा फोटो घातला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात.

मला ऐकता ऐकता आपली वारली लग्ने आठवली. सवाशिणी भिंत सारवतात, गेरू लावतात, तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधे पालघट देवी. हे थांबलेले चित्र. त्याच घरात धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, आणि तिच्या गाण्यावर लग्न पुढे सरकते. हे चालते. मुंबईचे लोक पैसे मोजून जे गुंफायला शिकत होते, ते आपल्या घरी आधीच गुंफलेले आहे. डहाणूकडच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला जगापुढे नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांची चित्रे राहिली. पण धवलेरीचा आवाज भिंतीवर राहत नाही. ती गेली की गाणे तिच्याबरोबर जाते.

आणि आम्ही लग्नात काय करतो? डीजे लावतो. धवलेरी बिचारी कोपऱ्यात म्हणत असते, ते शेजारच्यालाही ऐकू येत नाही. मग व्हिडिओत कसे येणार? मला हे फार लागते. माझे म्हणणे असे, की धवलेरी म्हणत असेल तेवढा वेळ डीजे बंद ठेवा. कोणातरी पोराने मोबाईल घेऊन तिच्याजवळ बसावे. हात हलवू नये. आधी तिला विचारावे. गाणे मधे न तोडता सबंध घ्यावे. मग चौकाचे, आजा-आजीचे, मांडवाचे फोटो त्या गाण्यावर लावा. शिकवणाऱ्यानेही हेच सांगितले, की फोटोंखाली सिनेमाचे गाणे घालण्यापेक्षा त्या लग्नातलाच आवाज घाला.

माझ्या विद्यार्थ्याने परत आल्यावर एका घरी असेच केले. नवरीचा बाप मागेच वारला होता. त्याचा एकच फोटो होता, जुन्या कागदपत्रावरचा, टिकलीएवढा. तो याने मोठा केला. नवरी घरातून निघते त्या चित्रातून तो चेहरा उमटू दिला, पाच सेकंद ठेवला, आणि पुन्हा नवरी. नवरीची आई ते बघून बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "परत लाव."

आता पैशाचे बोलू. मेळाव्यात जे भाव ऐकले, त्यात एक बैलजोडी येईल. आपल्याकडे दिवाळी झाली की माणसे वीटभट्टीवर, रेतीवर कामाला जातात. खर्च झेपत नाही म्हणून लग्न न लावताच जोडपी संसार करतात, पोरे मोठी झाल्यावर आईबापांचे लग्न लागते. अशा ठिकाणी फोटोसाठी उचल घेणे मला मुळीच पसंत नाही. उडता कॅमेरा नको, दिव्यांची कमान नको. दहा चांगले फोटो आणि धवलेरीचे एक सबंध गाणे, एवढे पुष्कळ झाले. मात्र नवरा-नवरीचा एक स्वच्छ फोटो हवाच. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करताना तो उपयोगी पडतो.

फोटोवाल्याशी बोलणे कागदावर करा. किती फोटो, केव्हा देणार, किती पैसे. आता तुम्हाला वाचता येते. वाचून मगच सही करा. एका घरी शहरातला फोटोवाला आला. पुढे त्याचे कार्ड बिघडले आणि लग्नाचे एकही चित्र हाती लागले नाही. म्हणून चित्रे दोन ठिकाणी ठेवावीत. एक आपल्या घरी, एक मुलीच्या सासरी.

आपण बसलो आहोत तो हा शिरपामाळ. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे उतरले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. नाव राहिले. त्या दिवशी इथे कोण कोण उभे होते, महाराजांच्या घोड्याला पाणी कोणी पाजले, ते कोणाला ठाऊक? चित्र नाही, लिखाण नाही.

तुमच्या घरातले जुने फोटो असेच मुके आहेत. यात आजा कोण, चुलता कोण, हे सांगणारे माणूस गेले की फोटोतले सगळे परके होतात. तेव्हा आज घरी गेल्यावर फोटो काढा. पालथा करा. मऊ पेन्सिलीने, जोर न देता, कडेला लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात. नाव लिहा. गाव लिहा. साल आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आज ती आहेत. उद्या वर्गात येताना असा एक फोटो प्रत्येकाने आणावा. आपण पाठीमागचे अक्षर मोठ्याने वाचू.