मुदत उलटलेली गोळी घ्यावी का?

(ईडन प्रेरी येथील वाचनालयात झालेल्या आपल्या बैठकीतील भाषण. बोलण्याच्या ओघात अर्धवट राहिलेली वाक्ये पूर्ण केली आहेत, बाकी मजकूर बोलले तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघांतिघांनी मला विचारले, की आपल्या मंचावर दुष्काळ, शिक्षण, अंधश्रद्धा अशा विषयांवर चर्चा होते, तिथे हे गोळ्यांचे प्रकरण कशाला? मी फार्मसिस्ट आहे. काउंटरवर येणारे आपले लोक "घरी जुनी स्ट्रिप आहे, तारीख उलटली आहे, घेतली तर चालेल का?" असे नेहमी विचारतात. गोळी ॲसिडिटीची असेल तर प्रश्न मोठ्याने विचारला जातो. घबराटीची, चिंतेची असेल तर शेजारचा गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबून, आवाज खाली आणून, मराठीतून विचारला जातो. आवाजातला हा फरक मला आपल्या मंचाचा विषय वाटतो.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, नाहीतर तुम्ही भाषणभर त्याचीच वाट पाहाल. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधे गोळीच्या रूपात असतील तर तारीख उलटल्यावर ती विषारी होतात असा पुरावा नाही. ती हळूहळू कमजोर होऊ शकतात, एवढेच. अमेरिकेच्या एफडीएचा अधिकृत सल्ला मात्र मुदत उलटलेले औषध घेऊ नका असाच आहे, आणि काउंटरच्या मागे उभी असताना मीही तेच सांगते. का, ते पुढे येईलच.

पाकिटावरची तारीख म्हणजे उत्पादकाने दिलेली हमी. सीलबंद डब्यात, सांगितलेल्या तापमानात ठेवलेले औषध त्या दिवसापर्यंत लेबलावरच्या ताकदीचे राहील, एवढेच ती सांगते. त्यानंतर काय होईल याबद्दल ती बोलत नाही. अमेरिकेत ही तारीख छापणे १९७९ पासून सक्तीचे झाले. आता अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे औषधांचा प्रचंड साठा असतो आणि दर दोनतीन वर्षांनी तो फेकून देणे परवडत नाही. म्हणून १९८६ साली एफडीएच्या मदतीने जुना साठा तपासायचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. १२२ औषधांच्या ३,००५ बॅचेस तपासल्या होत्या. त्यांतल्या ८८ टक्के बॅचेसची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली, आणि सरासरी वाढ निघाली ६६ महिने. म्हणजे साडेपाच वर्षे!

याहून गमतीचा अभ्यास २०१२ सालचा. कॅलिफोर्नियातले विषविज्ञानतज्ज्ञ ली कँट्रेल यांना एका फार्मसीच्या मागच्या खोलीत कधीच न उघडलेले जुने डबे सापडले. मुदत संपून २८ ते ४० वर्षे झालेली. त्यांतले १४ घटक तपासले, तर १२ घटक ९० टक्क्यांहून अधिक शिल्लक होते. कमी भरली ती ॲस्पिरिन आणि ॲम्फेटामिन. जे टिकले त्यांत मेप्रोबामेट होते. १९५५ साली अमेरिकेत 'मिलटाऊन' नावाने आलेली आणि घरोघर पोहोचलेली चिंतेवरची गोळी ती हीच.

मग तारखेची एवढी भीती आली कुठून? बरीचशी टेट्रासायक्लिनमुळे. १९६३ च्या सुमारास खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली. ती गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आणि सगळ्याच औषधांना चिकटली.

पण सैन्याचे गोदाम आणि आपले घर यांत फरक आहे. अमेरिकेत विकायच्या औषधाची दीर्घकालीन चाचणी साधारणपणे २५ अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रतेला होते. आपण गोळ्या ठेवतो कुठे? बाथरूमच्या कपाटात, शॉवरच्या वाफेत. नाहीतर गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये. मिनेसोटात तिथे जानेवारीत उणे वीस आणि जुलैच्या उन्हात बंद गाडीची भट्टी. काहींच्या गोळ्या दादरच्या किंवा चिपळूणच्या घरात दोन पावसाळे काढून मग बॅगेतून इकडे आलेल्या असतात. फार्मसीतून मिळणाऱ्या नारिंगी बाटलीत गोळ्या मूळ डब्यातून काढून भरलेल्या असतात, म्हणून तिच्यावर बहुधा एक वर्षाचीच तारीख घालतात. ॲल्युमिनियमच्या स्ट्रिपमधली गोळी बाटलीतल्या सुट्या गोळीपेक्षा चांगली टिकते. जिभेवर विरघळणारी गोळी ओलाव्याने लवकर बिघडते. द्रवरूप औषधाला तर तारखेची सवलत देऊच नका. लोराझेपामचे तोंडाने घ्यायचे द्रावण थंड जागी ठेवावे लागते आणि उघडलेली बाटली ९० दिवसांनी टाकून द्यावी लागते, मग लेबलावरची तारीख काहीही असो.

रसायनशास्त्र इथे संपले. माझ्या मते तारीख हा या प्रश्नातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. गोळी तीन वर्षांपूर्वीची असेल, तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरने पाहिलेली व्यक्तीही तीन वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा रोज घेऊन शरीराला सवय झाली असेल, तर आज ती सवय गेलेली असते, आणि तेव्हाचा डोस आज जास्त झोपवतो. मधल्या काळात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओपिऑइड वेदनाशामक सुरू झालेले असते. ओपिऑइड आणि बेंझोडायझेपिन एकत्र घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो, म्हणून एफडीएने २०१६ साली दोन्हींच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा घातला. दारूचेही तेच. बुरशीवरचे इट्राकोनाझोल किंवा किटोकोनाझोल पोटात घेत असाल, तर अल्प्राझोलाम घ्यायचेच नसते, कारण ते शरीरात साठत जाते. यातले काहीही स्ट्रिपवर छापलेले नसते.

त्यात कमजोरीचा मुद्दा मिळवा. गोळीने अर्ध्या तासात गुण आला नाही की माणूस म्हणतो, जुनी आहे, आणखी एक घेऊ. ती प्रत्यक्षात पूर्ण ताकदीची असली, तर दोन पोटात गेल्या. मग गाडीची किल्ली घेऊन तो हायवे ४९४ वर निघतो. घरातल्या कुणाची धडधडीसाठीची प्रोप्रानोलोलची गोळी, भारतात सिप्लार म्हणून मिळते ती, भाषणाच्या आधी घेणारे लोकही मला माहीत आहेत. ती या गटातली नव्हे. पण दमा असलेल्याने ती घेतली तर श्वासनलिका आवळते, तारीख कितीही पुढची असली तरी.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. आपल्याकडे मे महिन्यात आईवडील येतात आणि ऑक्टोबरात जातात. बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या, वर रबर बँड. बीपीची, शुगरची, थायरॉइडची आणि "झोपेची एक". ती एक काय आहे हे मुलाला माहीत नसते, बरेचदा आईलाही नसते. पाकीट वाचले की क्लोनाझेपाम निघते. कधी 'प्लस' नावाची जोडगोळी निघते, म्हणजे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र. भारतात ती सर्रास मिळते, अमेरिकेत अशी जोडगोळी मिळत नाही. कधी इटिझोलाम निघते. इटिझोलामला अमेरिकेत मान्यता कधीच नव्हती, आणि जुलै २०२३ मध्ये त्याला तात्पुरत्या आदेशाने नियंत्रित द्रव्यांच्या पहिल्या वर्गात टाकले गेले. हेरॉइन आहे त्याच वर्गात. पुण्यातल्या आजींना हे कोण सांगणार?

मुक्काम वाढतो, नातवंडाचा जन्म लांबतो, आणि गोळ्या संपत येतात. मग घरातल्या घरात तोडगे निघतात. गेल्या खेपेची उरलेली, मुदत उलटलेली स्ट्रिप काढायची. एक दिवसाआड घ्यायची. अर्धी करायची. आणि शेवटी, "झोपेचीच तर आहे, बंद करा." बीपीची गोळी चुकली तर आपण घाबरतो, हिच्याबद्दल बेफिकीर असतो. खरे तर वर्षानुवर्षे रोज बेंझोडायझेपिन घेणाऱ्याने ते एकदम थांबवले, किंवा निम्म्या ताकदीच्या जुन्या गोळ्यांवर दिवस काढले, तर थरथर, घाम, झोप उडणे, भ्रम आणि फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अल्प्राझोलाम लवकर उतरते, त्यामुळे त्रास एकदोन दिवसांतच सुरू होतो. एफडीएने सप्टेंबर २०२० मध्ये या सगळ्या गटावर अवलंबित्वाचा आणि सोडतानाच्या त्रासाचा ठळक इशारा घातला तो याचसाठी. २०२५ साली इथल्या वैद्यकीय संस्थांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शिकेत सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी पाचदहा टक्के कमी करून करावी असे म्हटले आहे. यावरून वेग किती सावकाश असावा याची कल्पना येईल.

हा त्रास मनाचा खेळ आहे असे कुणाला वाटत असेल, तर तेलंगणाकडे पाहावे. तिथे ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपामची भेसळ होत आली आहे. २०१५ साली सरकारने कडक कारवाई केली आणि ताडी एकदम बंद झाली, तेव्हा माणसे थरथरत, बरळत, फिट येऊन इस्पितळांत दाखल झाली. आपण असली काही गोळी घेतो आहोत हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

तेव्हा पालक येणार असतील तर तिकिटाबरोबर ही तयारी करा. प्रत्येक गोळीचे जेनेरिक नाव त्यांच्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून घ्या, ब्रँडचे नाव इथे कुणाला कळत नाही. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. इटिझोलाम असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी तिथल्या डॉक्टरशी बोलून पर्याय ठरवा. इथे आल्यावर गोळ्या पंधरावीस दिवस पुरतील अशी असतानाच डॉक्टर गाठा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका. भारतातले प्रिस्क्रिप्शन इथली फार्मसी भरून देऊ शकत नाही, ते व्हॉट्सॲपवर आले म्हणूनही नाही. ही नियंत्रित औषधे आहेत आणि अर्जंट केअरमध्ये ती लिहून द्यायला बरेच डॉक्टर तयार नसतात. त्यांना हे झोपेचे औषध हवे असे न सांगता "आई हे इतकी वर्षे रोज घेते, थांबले तर फिटचा धोका आहे" असे सांगा. पासष्टीच्या पुढे या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची यादी सांगते, पडणे आणि विसरणे वाढते म्हणून. पण टाळणे म्हणजे परदेशातल्या मुक्कामात अचानक तोडणे नव्हे.

आणि आपले स्वतःचे? पंचेचाळिशीतला इंजिनियर, ले-ऑफची कुजबुज सुरू असलेले ऑफिस, रात्री दोनला छातीत धडधड. दरवर्षी भारतात गेल्यावर ओळखीच्या दुकानातून एक स्ट्रिप आणायची आणि पुरवून पुरवून वापरायची. तिकडेही कायद्याने चिठ्ठी लागते, आणि अल्प्राझोलाम २०१४ पासून आणखी कडक एच-वन परिशिष्टात आहे, पण ओळख कायद्याहून जुनी असते. इथे डॉक्टरकडे का जात नाही असे विचारले की उत्तरे येतात: रेकॉर्डवर येईल, ग्रीनकार्डला अडचण होईल, बायकोच्या माहेरी कळेल. चिंताविकारावर उपचार घेतले एवढ्यावरून ग्रीनकार्ड नाकारले जात नाही. त्या वैद्यकीय तपासणीत स्वतःला किंवा इतरांना धोका होईल असे वर्तन आणि व्यसन पाहिले जाते. गंमत अशी की, चिठ्ठीशिवाय आणलेल्या नियंत्रित गोळ्या हीच यातली खरी कायदेशीर जोखीम आहे. आपण मंचावर बुवाबाजीविरुद्ध तावातावाने बोलतो आणि मधुमेहाला जसा डॉक्टर लागतो तसा घबराटीलाही लागतो हे स्वतःपुरते मानत नाही.

चिंताविकारावरचा आजचा पहिला उपचार ही गोळी नाहीच. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी रोज घ्यायची औषधे आणि विचार-वर्तन उपचार हे आधी येतात. फॅमिली डॉक्टरही ती औषधे सुरू करू शकतो. मराठीतून समजून घ्यायचे असेल, तर ठाण्याच्या आय.पी.एच. या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मनाच्या आरोग्यावर खूप सोप्या भाषेत लिहिले-बोलले आहे. रात्री दोनला जीव अगदी नकोसा झाला तर ९८८ हा नंबर २०२२ पासून देशभर चालतो. आणि छातीतले दुखणे नवीन असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर घबराट समजून गोळी शोधत बसू नका, ९११ लावा.

राहिल्या घरातल्या जुन्या स्ट्रिप. संडासात टाकू नका, पाण्यात जातात. हेनेपिन काउंटीने औषधे टाकायला पेट्या ठेवल्या आहेत, नियंत्रित औषधेही चालतात, नाव विचारत नाहीत. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये परतावा दिवसही असतो. पेटीपर्यंत जाणे जमले नाही तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून कॉफीच्या चोथ्यात मिसळा, पिशवी बांधा आणि कचऱ्यात टाका. घरात टीनएजर मुले असतील तर हे या आठवड्यातच करा.

मागच्या टेबलावर कोरे कागद आणि एक खोका ठेवला आहे. ज्यांना उभे राहून विचारायचे नाही त्यांनी नाव न घालता प्रश्न लिहून टाकावा. चहा होईपर्यंत मी ते वाचते.