'रिझर्वेशन' आणि 'रिप्रेझेंटेशन' : दोन शब्दांतील अंतर

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आरक्षणावर दोन शब्द बोला, असे संस्थेने मला सांगितले. मी खरोखरच दोन शब्दांवर बोलणार आहे. 'रिझर्वेशन' आणि 'रिप्रेझेंटेशन'. कानाला दोन्ही सारखे लागतात आणि बोलण्याच्या ओघात एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो. पण अर्थ वेगळा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे आपली गुणी मुले कॉलेजात एका टोमण्यासरशी मान खाली घालतात.

मी बँकेतला कारकून, तेव्हा दाखले काउंटरवरचेच देतो. 'रिझर्व्ह' म्हणजे राखून ठेवणे. बँक नफ्यातला काही भाग राखीव निधीत टाकते. महालक्ष्मी एक्सप्रेसचे रिझर्वेशन केले की बर्थ आपल्यासाठी राखला जातो. मुंबईला उतरलो की त्या बर्थशी संबंध संपला. 'रिप्रेझेंट' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे. एखाद्या आजीला बँकेत येणे होत नाही, म्हणून ती मुलाला मुखत्यारपत्र देते. मुलगा सही करतो ती आजीच्या वतीने, आणि पै-पैचा हिशेब तो आजीला देणे लागतो. पहिला शब्द जागेविषयी बोलतो, दुसरा माणसांविषयी.

राज्यघटनेच्या कलम 16(4) मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आहेत. ज्या मागासवर्गाला शासकीय सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नाही असे राज्याचे मत असेल, त्याच्यासाठी नेमणुका राखून ठेवण्याची तरतूद राज्याला करता येते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे प्रतिनिधित्वाचा अभाव हा रोग आणि राखीव जागा हे औषध. लोक औषधावर तावातावाने वाद घालतात, रोगाचे नाव काढत नाहीत.

हा रोग आपल्याच करवीर नगरीत फार पूर्वी ओळखला गेला. 1894 साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 एकाच जातीचे होते. 26 जुलै 1902 रोजी महाराजांनी हुकूम काढला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासवर्गीयांतून भराव्यात. या हुकमातले शेवटचे कलम मला कारकून म्हणून फार मोलाचे वाटते. प्रत्येक खातेप्रमुखाने झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे त्यात बजावले आहे. तक्ता मागितला नाही तर चांगला हुकूमही फायलीत झोपतो, हे आम्हा कचेरीतल्या माणसांना पक्के ठाऊक असते. माणसे खरोखर आत आली की नाही, हे महाराजांना मोजायचे होते.

जानेवारी 1919 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साऊथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. तेव्हा त्यांचे वय अवघे 27 वर्षांचे होते. आमचे म्हणणे दुसऱ्या कोणी मांडून भागणार नाही, आमची माणसे तिथे प्रत्यक्ष हवीत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पुढच्याच वर्षी, मार्च 1920 मध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एकत्र आले. तिथे महाराजांनी, तुम्हाला तुमचा पुढारी लाभला, असे सांगितले. राजाने स्वतः आपण होऊन, तुमचा प्रतिनिधी तुमच्यातलाच असावा, हे मान्य केले.

या दोन शब्दांतली दरी सर्वांत स्पष्ट दिसते ती 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात. जातीय निवाड्यात प्रांतिक कायदेमंडळांत 71 जागा स्वतंत्र मतदारसंघांतून मिळणार होत्या. करारात राखीव जागा 148 झाल्या, पण अंतिम निवड सर्व मतदारांच्या हाती गेली. जागा दुपटीहून वाढल्या. तरीही 1945 सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या व्यवस्थेवर कडक टीका केली. खुर्ची आपली, पण तीवर बसणाऱ्याने कोणाचे ऐकायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

विद्यार्थी मित्रहो, तो प्रश्न आता तुमच्याकडे येणार आहे. "तू रिझर्वेशनवाला" असे कोणी म्हटले, तर चिडू नका आणि लाजूही नका. शांतपणे सांगा, "जागा राखीव आहे, मी प्रतिनिधी आहे." मात्र हे उत्तर ज्याला द्यायचे त्याने ते पाळलेही पाहिजे. नोकरी लागली, फ्लॅट झाला आणि पेठेतली गल्ली परकी झाली, तर कागदोपत्री राखीव जागा भरली, पण मुखत्यारपत्र बुडाले. 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती हीच होती.

म्हणून एक छोटी विनंती. शाहू महाराजांनी तिमाही तक्ता मागितला होता. तुम्हीही दर तीन महिन्यांनी स्वतःला विचारा : मी किती मुलांचे फॉर्म भरून दिले, कोणाला शिष्यवृत्तीची माहिती दिली, कोणाचा अभ्यास घेतला? हा तक्ता कोणी मागणार नाही. तो आपला आपणच भरायचा आहे.

जयभीम!