वेठीची हलगी आणि विद्येची हलगी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा माझा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. आपल्या मुलामुलींना ढोलकी आणि हलगी शिकवावी काय, आणि शिकवावयाची तर अनुभवी शिक्षकाकडे, रीतसर फी देऊन शिकवावी काय, एवढाच हा प्रश्न आहे. या देशात मुलाला पियानोची शिकवणी लावली तर शेजारीपाजारी कौतुक करतात. परंतु हलगीचे नाव निघताच आपल्याच घरात दोन तट पडतात. नातवाला तिचा नाद गोड लागतो आणि आजोबांच्या कपाळावर आठी उमटते. ही आठी समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

गावगाड्यात वाद्य वाजविणे हा छंद नव्हता, ते नेमून दिलेले काम होते. महार, मातंग, होलार या समाजांतील माणसांनी दवंडी पिटावी, वरातीपुढे आणि जत्रेत वाजवावे, आणि बदल्यात बलुते म्हणून मिळेल ते धान्य व उरलेसुरले अन्न स्वीकारावे, अशी रीत होती. पालखी वाद्याच्या तालावर निघे, पण वाजविणाऱ्याला देवळाची पायरी बंद असे. त्याच्या हाताचा नाद चालत होता, हाताचा स्पर्श चालत नव्हता. "आज मी वाजविणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. आजोबांच्या आठीमागे हा सारा इतिहास उभा आहे.

बाबासाहेबांनी प्रहार केला तो या सक्तीवर. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले. वतनाच्या नावाखाली चाललेली वेठबिगारी संपविणे हा त्यामागील हेतू होता. हलक्या समजल्या जाणाऱ्या ग्रामवतनांच्या निर्मूलनाचा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. ज्यांनी त्या काळात हलगी खुंटीला टांगली, ती पुन्हा काढली नाही, त्यांचा निर्णय आपल्याला वंद्य आहे. त्यांनी त्या हलगीला आपला वारसा म्हणावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

परंतु त्याच काळातील दुसरी एक गोष्ट आपण विसरतो. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील आशय पालटला. पाटलाच्या दारी करमणुकीसाठी घुमणारी ढोलकी आता शिक्षणाचे, संघटनेचे आणि अंधश्रद्धा सोडण्याचे विचार खेडोपाडी पोहोचवू लागली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत चळवळ गेली ती या तालावर. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून हीच परंपरा चालविली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेले वामनदादा २००४ साली आपल्यातून गेले, पण त्यांच्या गीतांवाचून आजही भीमजयंती साजरी होत नाही.

यातून एक भेद स्पष्ट होतो. वाद्य तेच, चामडे तेच, ठेकाही कदाचित तोच. कोणाच्या हुकमाने वाजते आणि कशासाठी वाजते, यावर त्याचा अर्थ ठरतो. तामिळनाडूतही परई या वाद्याबाबत हेच घडले. अनेक दलितांनी अंत्यविधीपुढे परई वाजविण्याचे काम स्वाभिमानाने नाकारले. पुढे दिंडीगुलच्या 'शक्ती' लोककला केंद्रातील दलित तरुणींनी तीच परई हाती घेतली. ज्या वाद्याला स्त्रियांनी हात लावू नये असे मानले जाई, ते त्यांनी मंचावर उभे राहून वाजविले. नकार आणि स्वीकार या दोन्ही कृती स्वाभिमानाच्याच होत्या.

आता शिकवणीकडे वळतो. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला आणि त्यासाठी शिक्षकाकडून धडे घेतले, हे आपणांस ठाऊक असेलच. कोलंबिया विद्यापीठाच्या आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्या मिळविलेला हा प्रकांड पंडित वाद्यापुढे मात्र विद्यार्थी होऊन बसला. कोणतीही विद्या जाणत्या माणसापुढे बसून, वेळ देऊन शिकावी लागते, हे त्यातून आपण घ्यावयाचे आहे. आपल्याकडे मात्र "ढोलकी काय, रक्तातच असते" असे अभिमानाने म्हटले जाते. बंधूंनो, हे वाक्य जातिव्यवस्थेचेच आहे. वाजविणे रक्तात असेल तर झाडणे आणि मेलेली ढोरे ओढणेही रक्तातच ठरेल. ताल रक्तात नसतो. तो सरावाने हातात येतो, आणि हाताला वळण शिक्षक लावतो.

अनुभवी शिक्षक नेमके काय देतो? ढोलकीची शाई असलेली पुडी चढ्या सुराची आणि दुसरी बाजू धुमाची, म्हणजे खर्जाची. शाईच्या बाजूला बोटाचा आघात काठावर करावयाचा की मध्ये, आणि धुमावर मनगट किती दाबून सरकविले म्हणजे घुमक उमटते, हे ध्वनिफीत ऐकून किंवा चित्रफीत पाहून पुरते उमगत नाही. शिक्षक शेजारी बसून ऐकतो आणि चूक होताच हात थांबवितो. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा संथ लयीत पक्का झाल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. हलगीत एका हाती जाडसर, आखूड टिपरू आणि दुसऱ्या हाती बारीक, लांब काडी असते. दोन्ही हातांचे बळ सारखे नसते आणि ते तसेच असावे लागते, हेही शिकवावेच लागते. याहून मोठी शिकवण म्हणजे गायकाची साथ करणे. शब्द ऐकू येतील इतके हळू वाजविण्याला अनेक वर्षांची साधना लागते. आपल्या गीतांत शब्द हाच प्राण असल्यामुळे ही शिकवण आपल्याला विशेष आवश्यक आहे.

या देशातील अडचणीही सांगितल्या पाहिजेत. येथील दमट हवेत कातडे सैल पडते. गावी हलगी जाळावर शेकतात, येथे ती शेगडीपासून जपून, उबदार कोरड्या खोलीत ठेवावी लागते. आता कृत्रिम पडद्याच्या हलग्याही मिळतात. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत सरावाची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवावी. रोजची वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांपेक्षा अधिक फळ देतात. लंडनच्या भारतीय विद्या भवनात तबल्याचे शिक्षण मिळते, परंतु हलगीचा जाणकार येथे सहज सापडत नाही. अशा वेळी महाराष्ट्रातील कलावंताकडून संगणकाच्या पडद्यावर शिकता येते. घड्याळात हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, ते ध्यानी ठेवावे. आवाज क्षणभर उशिरा पोहोचत असल्यामुळे गुरुशिष्यांना एकत्र वाजविता येत नाही, आळीपाळीने वाजवावे लागते. शिवाय ही यंत्रणा थापेचा नाद गोंगाट समजून दाबून टाकते, ती सोय बंद करावी लागते. येथील शिक्षक ठेवताना मात्र मुलांसोबत काम करणाऱ्यांची कायदेशीर तपासणी झालेली आहे ना, हे पालकांनी निःसंकोचपणे विचारावे.

आता मुद्दा फीचा. "आपलाच माणूस आहे, जेवण घालू, शाल देऊ" हा विचार आपण सोडला पाहिजे. शाल हा सत्कार आहे, मोबदला नव्हे, आणि जेवणावर वाजविणे म्हणजे पुन्हा बलुतेच. व्हायोलिनच्या शिक्षकाला आपण तासाचे जे मोल देतो तेच ढोलकीच्या शिक्षकाला, ठरल्या दिवशी, न मागता मिळाले पाहिजे. कार्यक्रमपत्रिकेवर गायकाइतक्याच ठळक अक्षरांत त्याचे नाव छापले पाहिजे.

वाद्याला प्रतिष्ठा मिळाली म्हणजे माणसाला मिळतेच असे नाही. पंजाबात ढोल वाजविणारे परंपरेने बाजीगर, भराई अशा समाजांतले. आज ब्रिटनमध्ये जॉनी कालसी यांच्या ढोल फाउंडेशनसारख्या संस्थांमुळे सर्व थरांतील मुले ढोल शिकतात, हे स्वागतार्ह आहे. पण त्या जुन्या वादकांची नावे किती मुलांना ठाऊक आहेत? टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मृदंग घडविणाऱ्या कारागिरांची कथा सांगितली आहे. त्यांत अनेक दलित ख्रिस्ती आहेत. मैफलीत वादकाला टाळ्या मिळाल्या, कातडे कमावून मढविणारा मात्र पडद्याआड राहिला. आपल्या शिकवणीत असे होता कामा नये. हलगी हाती देताना ती कोणी वाजविली, कोणत्या सक्तीने वाजविली आणि कोणी ती नाकारली, हे मुलाला सांगितलेच पाहिजे. शाळेच्या बहुसांस्कृतिक दिनी आपल्या मुलीने हलगी वाजविली तर दोन मिनिटे तिने हा इतिहासही सांगावा. नाहीतर तेथेही आपण केवळ वाजंत्रीच उरू.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी तीन सूचना ठेवतो. एक, अनुभवी शिक्षकाकडे शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांना फी परवडत नाही, त्यांचा भार संस्थेने उचलावा. दोन, मुलींना यात समान जागा असावी. तीन, ज्या घराला हलगी नको असेल त्या घराला कोणी कारण विचारू नये. दरवर्षी १४ एप्रिलला आपण मुद्रित संगीतावर गीते गातो. आपल्या मुलांना ही गीते अर्थासह म्हणता यावीत आणि त्यांची साथ आपल्यातीलच कोणी करावी, यासाठी तीन-चार वर्षांची चिकाटी लागेल. ती आपण दाखवू शकतो.

"शिका" या शब्दाने आपली त्रिसूत्री सुरू होते. त्या शब्दात तालाची विद्याही येते. ती हुकमाने नव्हे, हौसेने शिकावी. तिचे मोल द्यावे, मोल घ्यावे, आणि वाजवावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. हा निर्णय ज्याच्या हाती आहे तोच खरा स्वतंत्र वादक.

जय भीम! जय भारत!