‘धर्मात्मा’ पुन्हा पाहिल्यावर
(मुळशी तालुक्यातील उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



प्रभात कंपनीचा ‘धर्मात्मा’ हा चित्रपट १९३५ साली निघाला. व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला व बालगंधर्वांनी त्यात संत एकनाथांची भूमिका केली. लहानपणी जत्रेच्या तंबूत मी तो प्रथम पाहिला. एवढा मोठा ब्राह्मण संत अस्पृश्याच्या घरी जेवावयास बसतो, हे पाहून माझ्या शेजारी बसलेली आमची आजी पदराने डोळे पुसत होती. ते अश्रू खोटे नव्हते. जिला आयुष्यभर लांबूनच भाकरी वाढली गेली, तिला ते दृश्य किती मोठे वाटले असेल, हे तुम्हांस सांगावयास नको.

अलीकडे तो चित्रपट मी नातीला घेऊन पुन्हा पाहिला. गाणी अजून गोड वाटली. पण नातीने विचारले, “आजोबा, मग त्या दिवसापासून शिवाशिव बंद झाली का?” या प्रश्नाला मला सरळ ‘नाही’ म्हणावे लागले.

याच चित्रपटाची दखल खुद्द बाबासाहेबांनी घेतली होती, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ हे त्यांचे न झालेले भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यावर गांधीजींनी टीका केली. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी ‘धर्मात्मा’चे नाव घेतले आहे. एकनाथी भागवताच्या २८ व्या अध्यायातील ओवीचा आधार देऊन ते दाखवितात की, अंत्यजाचा विटाळ गंगास्नानाने धुऊन जातो, अशी एकनाथांची समजूत होती. म्हणून त्यांच्या स्पर्शभोजनावरून ते जातीचे वा अस्पृश्यतेचे विरोधक ठरत नाहीत.

आता तुम्हीच पाहा. विटाळ धुवावा लागतो, याचा अर्थ विटाळ खरा मानलेला आहे. १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. एकनाथांचे अंतःकरण प्रेमळ आणि महाडकरांचे कठोर, हा फरक मी अवश्य मानतो. परंतु दोहोंच्या पोटी शुद्धीची कल्पना एकच आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. एकनाथ १५९९ साली वारले. त्यांच्या कथा सविस्तर सांगणारे महिपतीबुवा अठराव्या शतकातले. म्हणजे मध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला. चित्रपट मात्र या कथांना घडलेल्या इतिहासाचे रूप देतो आणि सोळाव्या शतकातील संताच्या अंगावर १९३५ च्या हरिजन-सेवेचा अंगरखा चढवितो. त्याच वर्षी येवल्यास बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यावर.

तेव्हा एकनाथांना शिव्या द्यावयाच्या काय? मुळीच नाही. महाराच्या तोंडी बोलणारी भारुडे रचणारा हा कवी आहे. बाबासाहेबांनीही आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ १९४८ साली नंदनार, रविदास व चोखामेळा या संतांना अर्पण केला. संतांचा त्यांनी द्वेष केला नाही. मात्र संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याची चिंता केली, माणसामाणसांतील झगड्याची केली नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ साली बाबासाहेब स्वतः हजर राहिले होते. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर शुद्धीसाठी ते कोणत्याही नदीवर गेले नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला आपण विहारात हे दोन्ही चित्रपट दाखविणार आहोत. आधी ‘धर्मात्मा’ आणि नंतर ‘महात्मा फुले’. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा, मुलांना त्यांच्याजवळ बसवा, आणि मुले मध्येच प्रश्न विचारू लागली तर त्यांना गप्प करू नका.

जय भीम!